आठ दिवसांचे पाहुणे, पाच वर्षांची वस्ती

अमेरिकेतल्या एखाद्या गावातलं चर्च सुट्टीच्या दिवसांत दहा-पंधरा जणांचा गट तयार करतं, वर्गणी काढतं आणि हा गट केनियातल्या किंवा जॉर्डनमधल्या निर्वासितांच्या छावणीत आठ-दहा दिवस राहून येतो. मुलांना गाणी शिकवायची, औषधं वाटायची, शाळेची एखादी खोली रंगवायची, सगळ्यांसोबत प्रार्थना करायची आणि निघताना फोटो काढायचे, असा साधारण कार्यक्रम असतो. चार हौशी माणसांपुरती ही गोष्ट नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजानुसार 2005 या एका वर्षात अमेरिकेतले सुमारे 16 लाख चर्चसदस्य अशा परदेशी सेवादौऱ्यांवर गेले आणि तिथला त्यांचा मुक्काम सरासरी आठ दिवसांचा होता. त्यातले सगळे काही निर्वासितांकडे गेले नव्हते, पण छावणी हे अशा दौऱ्यांचं एक ठरलेलं ठिकाण आहे. जाणाऱ्यांच्या मनात कळकळ असते, पदरमोड करून ते जातात, याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. विचार करायला हवा तो छावणीच्या बाजूने. केनियातली दादाब छावणी 1991 पासून उभी आहे आणि तिथे जन्मलेल्या मुलांना आता स्वतःची मुलं झाली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ चालणारं निर्वासन हे ‘दीर्घकालीन’ ठरतं आणि जगातले बहुसंख्य निर्वासित याच गटात मोडतात. इतका काळ एका जागी अडकून पडलेल्या माणसांना बाहेरून येणाऱ्या धर्मसंस्थेकडून नेमकं काय हवं असतं? याचं उत्तर शोधायला केनियापर्यंत जायची गरज नाही. ते कोल्हापूरजवळ सापडतं.

कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर, पंचगंगेच्या काठी वळीवडे नावाचं गाव आहे. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ही माणसं इतक्या दूर आली कशी, हे थोडक्यात सांगायला हवं. सप्टेंबर 1939 मध्ये हिटलरने पश्चिमेकडून आणि स्टालिनने पूर्वेकडून पोलंडचा घास घेतला. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं 1940 आणि 1941 मध्ये मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केली गेली. जून 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला, आणि मग स्टालिनला पोलंडच्या लंडनस्थित सरकारशी करार करावा लागला. कैदेतल्या पोलिश माणसांची सुटका झाली, जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभं केलं, आणि 1942 मध्ये हे सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये उतरलं. त्याच्या मागोमाग हजारो बायका आणि मुलंही आली. उपासमारीने आणि विषमज्वराने खंगलेली. पुरुष आघाडीवर गेले. बायकामुलांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न उरला, आणि पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड यांच्या जोडीने हिंदुस्थानही त्याच्या उत्तराचा भाग झाला. कोल्हापूर संस्थानात जागा मिळाली, खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या पोलिश सरकारने घेतली.

वळीवड्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे, कारण आजच्या पुष्कळ छावण्यांत जे नसतं ते तिथे होतं. ओळीने उभ्या केलेल्या लांबच लांब बराकी, वर कौलं, भिंतींना बांबूचे तट्टे. पण प्रत्येक बराक कुटुंबाकुटुंबांत विभागलेली होती आणि प्रत्येक कुटुंबाला स्वतःची चूल होती. ताट हातात घेऊन रांगेत उभं राहणं नव्हतं. कुटुंबाला रोख भत्ता मिळे, त्यातून बाई बाजार करी आणि आपल्या पद्धतीचा स्वयंपाक आपल्या हाताने करी. आसपासच्या गावांतले भाजीवाले, दूधवाले, व्यापारी वसाहतीत येत, आणि त्यांच्या संगतीने पोलिश पोरं मोडकंतोडकं मराठी बोलू लागली. शाळा होत्या, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती, नाटकं होत होती आणि चर्च होतं. या सगळ्यांत शिकवणारे, चालवणारे, मिरवणुकीत पुढे चालणारे लोक निर्वासितच होते. शिक्षिका सायबेरियातून सुटून आलेली होती आणि समोरच्या बाकावरची मुलगीही तिथूनच आलेली होती. पाद्रीही त्यांच्यातलाच. त्यांच्याच भाषेत पापनिवेदन ऐकणारा, कोणाचा बाप कुठे बेपत्ता आहे हे न विचारता ठाऊक असलेला. आज मदतकार्यातली तज्ज्ञ मंडळी रोख मदत, निर्वासितांचा सहभाग, मातृभाषेतलं शिक्षण यांबद्दल पानंच्या पानं लिहितात. वळीवड्यात 1943 साली हे सारं एका संस्थानी गावाच्या शिवारात चाललं होतं, आणि ते टिकण्याचं कारण एकच होतं. कारभार राहणाऱ्यांच्या हातात होता.

वळीवड्याच्या थोडं आधी, 1942 मध्ये, गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी निघाली होती. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी ती आपल्या समुद्रकाठच्या जागेवर वसवली. बहुतेक मुलं अनाथ होती किंवा आईबापांपासून तुटलेली. तिचे प्रमुख होते फ्रान्सिशेक प्लुटा नावाचे पोलिश कॅथलिक पाद्री. जमिनीचा मालक हिंदू राजा, छावणीचा प्रमुख ख्रिस्ती धर्मगुरू, आणि जामसाहेबांनी या मुलांच्या प्रार्थनेत किंवा शिक्षणात कधी ढवळाढवळ केली नाही. तिथला एक प्रसंग त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत सांगितला. जेवणात पालक येई आणि मुलांना तो मुळीच आवडत नसे. शेवटी त्यांनी एकजुटीने पालक खायचं नाकारलं. जामसाहेबांच्या कानावर गेल्यावर त्यांनी पालक बंद करायला सांगितलं. गोष्ट छोटी आहे, पण मदत करणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते असं मला वाटतं. उपाशी राहून आलेल्या पोराला नको म्हणायचा हक्क आहे, हे मान्य करायला फार मोठं मन लागतं. बहुतेक दाते घेणाऱ्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवतात, आणि कृतज्ञ माणूस तक्रार करत नाही. म्हणून आठ दिवसांच्या पाहुण्याला तक्रार कधी ऐकूच येत नाही. त्याच्यासमोर मुलं गाणं म्हणतात, हसतात, हात हलवून निरोप देतात. पालक आवडत नाही हे ती सांगतात रोज भेटणाऱ्या माणसाला, ज्याच्याकडून काही बदलेल अशी त्यांना आशा असते.

इथे दादरा आणि नगर हवेलीतल्या वाचकाच्या मनात एक शंका येणं स्वाभाविक आहे. वासोणा-सिल्वासाच्या या मुलखाने चर्च पाहिलं ते वेगळ्या वाटेने आलेलं. मराठ्यांशी झालेल्या तहानंतर 1783 ते 1785 दरम्यान हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला आणि 1954 च्या मुक्तिलढ्यापर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिला. वारली, कोकणा, धोडिया समाजांच्या या भूमीवर चर्च आलं ते महसूल आणि फौजफाट्याच्या सोबतीने. त्यामुळे इथल्या माणसाने धर्मसंस्थेच्या सेवेकडे सावधपणे पाहिलं, तर त्याला अनुभवाचा आधार आहे. वळीवड्याचं चर्च मात्र नेमकं याच्या उलट आलं. त्याच्या पाठीशी कोणती सत्ता नव्हती. उलट दोन सत्तांनी त्याच्या माणसांना देशोधडीला लावलं होतं. ते कोणाला आपल्यात ओढायला आलेलं नव्हतं, आपल्या माणसांना धरून ठेवायला आलेलं होतं. धर्मसंस्था तीच, विधी तेच, पण एकीकडे ती राज्यकर्त्याची सोबतीण होती आणि दुसरीकडे निर्वासिताची. छावणीत जाणाऱ्या कोणत्याही गटाने आपण या दोहोंपैकी कोणत्या वाटेने चाललो आहोत, हे आधी स्वतःशी तपासून घ्यावं. श्रीमंत देशाचा पासपोर्ट खिशात असलेला माणूस, त्याची इच्छा असो वा नसो, सत्तेच्या बाजूनेच आत येतो. छावणीच्या फाटकावर त्याची झडती होत नाही, आणि आठव्या दिवशी तो त्याच फाटकातून बाहेर पडू शकतो.

आता आठ दिवसांच्या दौऱ्यांच्या परिणामाबद्दल काय माहीत आहे ते पाहू. सगळ्यात जास्त चर्चा झालेला अभ्यास कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाचा. 1998 च्या मिच चक्रीवादळात मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात हजारो घरं कोसळली. उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून गट आले आणि त्यांनी स्वतः विटा रचून घरं बांधली. त्याच भागात होंडुरासच्याच एका ख्रिस्ती संस्थेने स्थानिक मजुरांकडून तशीच घरं बांधून घेतली. व्हर बीक यांनी दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना भेटून तुलना केली. कुटुंबांच्या आयुष्यात काही फरक दिसला नाही. घर पाहुण्याने बांधलं की गवंड्याने, राहणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. फरक होता खर्चात. पाहुण्यांच्या घरामागे विमानभाड्यासह सरासरी 30 हजार डॉलर गेले होते, स्थानिक संस्थेच्या घरामागे दोन हजार. म्हणजे एका घराच्या किमतीत पंधरा घरं झाली असती आणि होंडुरासच्या पंधरा गवंड्यांना काम मिळालं असतं. शिवाय असा दौरा करणाऱ्याचं आयुष्य बदलतं, तो पुढे जन्मभर जास्त दान देतो, हा जो नेहमीचा युक्तिवाद आहे, तोही व्हर बीक यांनी तपासला. बहुतेकांच्या देणगीत पुढे टिकाऊ वाढ झालेली आढळली नाही. हा अभ्यास एका देशातला, एका आपत्तीपुरता आहे आणि त्यावरून सगळ्या दौऱ्यांचा निकाल लावणं योग्य होणार नाही. पण पैसा कुठे खर्च होतो हा प्रश्न त्याने ज्या नेमकेपणाने मांडला, त्याला समाधानकारक उत्तर मिळालेलं मला दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की बाहेरचा माणूस काहीच कामाचा नाही असं म्हणणं टोकाचं आहे. शल्यविशारद आठ दिवसांत पन्नास माणसांची दृष्टी परत आणू शकतो. डोळ्यांनी पाहून आलेला माणूस आपल्या देशात साक्षीदार होतो, खासदाराला पत्र लिहितो, निधी उभा करतो. आक्षेपात तथ्य आहे. ज्याच्याकडे छावणीत नसलेलं एखादं कसब आहे, त्याने जरूर जावं, आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करावं. साक्षीचंही मोल खरं आहे. पण साक्ष देण्यासाठी पंधरा जणांना जावं लागत नाही, आणि निधी उभा करण्यासाठी कोणालाच जावं लागत नाही. महाराष्ट्राला याचा एक मोठा दाखला ठाऊक असायला हवा. 1899-1900 च्या दुष्काळात अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वाचकांकडून निधी गोळा केला. मे 1900 मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचं जहाज सुमारे दोन लाख बुशेल मका घेऊन मुंबईकडे निघालं. धान्य वाटलं ते इथे कैक वर्षं काढलेल्या, मराठी-गुजराती बोलणाऱ्या मिशनऱ्यांनी आणि त्यांच्यासोबतच्या देशी ख्रिस्ती माणसांनी. देणगीदार आपापल्या घरीच राहिले. अहमदनगरसारख्या ठिकाणी अमेरिकन मराठी मिशनची माणसं तोवर दोन-तीन पिढ्या रुजलेली होती. कोणत्या गावात विहीर आटली आहे, कोणत्या पाटलाच्या हाती धान्य दिलं तर ते महारवाड्यापर्यंत पोहोचणार नाही, हे त्यांना नकाशा न पाहता कळत होतं. ते ज्ञान आठ दिवसांत येत नाही आणि जहाजातूनही पाठवता येत नाही.

दुष्काळ आणि मिशन हे शब्द एकत्र आले की धर्मांतराचा आक्षेप येतोच, आणि तो यायलाच हवा. भुकेल्याच्या हातात भाकरी देताना दुसऱ्या हाताने धर्म पुढे केला, तर ती सेवा राहत नाही. त्याबाबत महाराष्ट्रातलं सगळ्यात गुंतागुंतीचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1893 मध्ये रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतल्या मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याच्या वादात रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि ‘केसरी’ने रमाबाईंवर कडक टीका केली. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीत सापडलेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या, आणि पुण्यात प्लेगच्या बंधनांमुळे त्यांना ठेवता येईना म्हणून केडगावला आपल्या मळ्यात नेलं. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे धर्मांतरं झाली, हे रमाबाईंनी लपवलं नाही आणि कोणी लपवायचा प्रयत्नही करू नये. आश्रयदात्या संस्थेच्या धर्माचा दबाव पंधरा वर्षांच्या निराधार मुलीवर पडतो, मग तो कोणी घालो वा न घालो, हा टीकाकारांचा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. पण रमाबाई आठ दिवसांच्या पाहुण्या नव्हत्या हेही तितकंच खरं. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते, भावासोबत त्या देशभर पायी भटकल्या होत्या. भूक त्यांनी आतून ओळखली होती. केडगावात मुली विणकाम, शेती, तेलघाणा, छापखान्यातली खिळे जुळवणी शिकल्या, आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्या छापखान्यातल्या बायकांनीच छापलं. रमाबाईंचा मृत्यू 1922 मध्ये केडगावातच झाला. संस्था आजही तिथे आहे.

या साऱ्या वादांतून जगाने पुढे एक नियम घालून घेतला. 1994 मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून आचारसंहिता केली. गरज हाच मदतीचा एकमेव निकष असेल आणि मदतीचा वापर कोणताही राजकीय वा धार्मिक विचार पुढे नेण्यासाठी होणार नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. कितीतरी ख्रिस्ती संस्थांनीही ती स्वीकारली. मात्र ती मोठ्या संस्थांना लागू पडते. गावातल्या एका चर्चचा पंधरा जणांचा गट तिच्यावर सही करून जात नसतो. त्याच्यावर कोणाचा वचक नसतो, आणि धोका तिथेच आहे.

हा धोका किती टोकाला जाऊ शकतो ते जानेवारी 2010 मध्ये हैतीत दिसलं. भूकंपानंतर तीन आठवड्यांच्या आत अमेरिकेतल्या बाप्टिस्ट चर्चशी संबंधित दहा जणांचा गट 33 मुलांना घेऊन सीमा ओलांडून डोमिनिकन रिपब्लिककडे निघाला आणि पकडला गेला. मुलं अनाथ आहेत असं गटाचं म्हणणं होतं. चौकशीत कळलं की बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. कागदपत्रं नव्हती, परवानगी नव्हती, होती फक्त आपण देवाचं काम करतो आहोत ही खात्री. याच्या शेजारी बालाचडीच्या फादर प्लुटांचं वागणं ठेवून पाहावं, कारण मुलांना सीमेपार नेण्याचा आरोप त्यांच्यावरही झाला होता. युद्धानंतर पोलंडमध्ये सोव्हिएत प्रभावाखालचं सरकार आलं आणि ते अनाथ मुलांना परत मागू लागलं. ज्यांनी या मुलांचे आईबाप सायबेरियात मारले त्यांच्याच छायेत मुलं कशी पाठवायची, हा बालाचडीपुढचा प्रश्न होता. जामसाहेब, प्लुटा आणि छावणीशी संबंधित एक ब्रिटिश अधिकारी यांनी मुलांचं पालकत्व कायदेशीर रीतीने आपल्याकडे घेतलं, आणि प्लुटा पुढे मुलांचा एक गट घेऊन अमेरिकेला गेले. वॉर्साच्या सरकारने त्यांना मुलं पळवणारा ठरवलं. त्यांचा निर्णय बरोबर होता का, यावर आजही वाद घालता येईल. पण हा निर्णय त्या मुलांच्या भाषेत बोलणाऱ्या, त्यांच्यासोबत काही वर्षं राहिलेल्या आणि कायद्याच्या चौकटीत जबाबदारी अंगावर घेतलेल्या माणसाचा होता. धर्म दोन्हीकडे होता. हैतीत त्याच्यासोबत नव्हती ती ओळख आणि उत्तरदायित्व.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो वळीवड्यावरच आहे. हे उदाहरण घेऊन सगळ्या जगाला शहाणपण सांगता येईल का? पोलिश लोक मित्रराष्ट्राचे नागरिक होते, गोरे होते, त्यांच्या मागे लंडनचं सरकार होतं, मुंबईत त्यांचा कौन्सुलेट होता. कौन्सुल बनासिन्स्की यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का रेड क्रॉसच्या कामाला लागल्या आणि मुलांना आणण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. पुढे त्या भारतातच राहिल्या आणि त्यांना पद्मश्रीही मिळाली. अशी माणसं पाठीशी असणं हे भाग्य होतं. त्याच काळात या देशातल्या माणसांचं काय झालं? 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला तेव्हा सुमारे पाच लाख हिंदी माणसं जंगलातून आणि डोंगरांतून पायी परत आली, आणि त्या वाटांवर गोऱ्यांसाठी वेगळी, बरी वाट राखून ठेवली गेल्याच्या नोंदी आहेत. 1943 मध्ये, म्हणजे वळीवड्यात बराकी उभ्या राहात होत्या त्याच वर्षी, बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं मेली. त्यांना कौलारू बराकी आणि महिन्याचा भत्ता कोणी दिला नाही. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. वळीवड्याची आठवण फक्त आपल्या पाहुणचाराचं कौतुक म्हणून काढली जाते, तेव्हा ब्रह्मदेशाची वाट आणि बंगाल त्या आठवणीच्या शेजारी मांडायलाच हवेत. पण त्यातून निघतं ते इतकंच, की जे पोलिश बाईला मिळालं ते बंगालच्या बाईलाही मिळायला हवं होतं. वळीवड्याची पद्धत चुकीची होती, असं त्यातून निघत नाही.

शिवाय त्याच जमिनीवर या आक्षेपाची एक परीक्षाही होऊन गेली आहे. 1945 मध्ये ब्रिटनने वॉर्साच्या नव्या सरकारला मान्यता दिली, लंडनमधल्या पोलिश सरकारचा आधार तुटला, आणि वसाहतीचा भार आंतरराष्ट्रीय निर्वासित संस्थांकडे गेला. 1948 पर्यंत पोलिश कुटुंबं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, पूर्व आफ्रिका इकडे पांगली. काही पोलंडला परतली. रिकाम्या झालेल्या वस्तीत फाळणीमुळे सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. त्यांच्या मागे कौन्सुलेट नव्हता, परदेशातून भत्ता येत नव्हता, लंडनमध्ये त्यांचं सरकार नव्हतं. त्यांच्याकडे होतं नागरिकत्व, व्यापार करायची मोकळीक, आणि आपली पंचायत, आपले दरबार, आपल्या शाळा स्वतः चालवायची सवय. त्यांनी त्या जागेला गांधीनगर नाव दिलं. आज पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले कापडदुकानदार गांधीनगरच्या घाऊक बाजारातून माल भरतात, आणि आपण एका जुन्या निर्वासित छावणीत उभे आहोत हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. पोलिश वसाहतीला बाहेरचा पैसा होता आणि तिथे कायम राहायचा हक्क नव्हता. सिंधी वसाहतीला पैसा नव्हता आणि हक्क होता. दोन्हींत समान गोष्ट एकच होती, ती म्हणजे आपल्या वस्तीचा कारभार आपण करणं. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीतही, जी 1972 पासून आहे, मठ आणि सहकारी संस्था तिबेट्यांच्याच आहेत. गोरेपणा आणि कौन्सुलेट यांनी वळीवडे सुखाचं केलं असेल, पण वस्ती उभी राहण्याचं कारण तेवढंच असतं, तर गांधीनगर उभं राहिलं नसतं.

मग परदेशातल्या चर्चने करायचं तरी काय? सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती म्हणजे छावणीत चर्च आधीपासूनच असतं. केनियातल्या काकुमा छावणीत, जी 1992 मध्ये निघाली, दक्षिण सुदान आणि काँगोतून आलेल्या निर्वासितांनी स्वतः उभारलेली कितीतरी चर्च आहेत, आणि त्यांचे पाद्रीही निर्वासितच आहेत. बांगलादेशातल्या कॉक्स बझारमध्ये ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून आलेल्या सात लाखांहून जास्त रोहिंग्यांच्या वस्त्यांत मशिदी आणि मदरसे त्यांनीच बांधले. बाहेरून जाणाऱ्याला तिथे धर्म न्यायचा नसतो. तिथे धर्म असतो, बहुधा जाणाऱ्याच्या धर्मापेक्षा जास्त तावूनसुलाखून निघालेला. जे कमी असतं ते वेगळं आहे. 1980 मध्ये जेझुइट संघाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी व्हिएतनाममधून होड्यांत बसून पळणाऱ्या माणसांची दशा पाहून निर्वासितांसाठी स्वतंत्र सेवासंस्था काढली, तेव्हा त्यांनी सेवेच्याही आधी सोबत हा शब्द ठेवला. त्या संस्थेची माणसं छावणीत जाऊन राहतात, वर्षानुवर्षं, आणि त्यांचं बरंच काम शाळांचं आहे. कारण छावणीत अन्नापाठोपाठ सगळ्यात लवकर अडतं ते शिक्षण. काकुमा आणि दादाबमध्ये बहुसंख्य शिक्षक निर्वासितच आहेत, आणि त्यांच्या नोकरी करण्यावर फार काळ असलेल्या निर्बंधांमुळे त्यांना पगार न देता ‘मानधन’ नावाची किरकोळ रक्कम दिली जाते. एका वर्गात शंभराहून जास्त मुलं बसतात. चांगला शिक्षक जास्त पैसे देणारं दुसरं काम मिळालं की निघून जातो, आणि वर्ग पुन्हा नव्या माणसाची वाट पाहतो. एखाद्या चर्चने पंधरा जणांचं विमानभाडं वाचवून अशा शिक्षकांचं मानधन काही वर्षांसाठी पक्कं केलं, त्यांना केनियाच्या सरकारकडून कामाचा परवाना मिळावा म्हणून पाठपुरावा केला, आणि मोजक्या, कसब असलेल्या एक-दोन माणसांना सहा महिने किंवा वर्षभर त्या शिक्षकांच्या हाताखाली काम करायला पाठवलं, तर त्या वर्गातली मुलं शाळा संपेपर्यंत एकाच शिक्षकापुढे बसू शकतील.